सौंदर्योपचारांतील बेवारस जंतुसंसर्ग

तालुक्याच्या कोणत्याही गावी एसटी स्थानकाबाहेर उभे राहिले, तर समोर एक औषधांचे दुकान, एक झेरॉक्सचे दुकान आणि एक केशकर्तनालय दिसते. अलीकडे त्यांच्या वरच्या मजल्यावर 'स्किन, हेअर अँड लेझर' अशी पाटीही दिसू लागली आहे. पाटीवर डाग नसलेल्या एका चेहऱ्याचे चित्र असते, हप्त्यांनी पैसे देण्याची सोय असल्याचे लिहिलेले असते, आणि सणासुदीला सवलतही असते. आत सुई कोण धरतो, त्याचे शिक्षण काय झाले आहे, त्याची उपकरणे कोण तपासतो, याविषयी पाटी काही बोलत नाही. नावापुढे इंग्रजी अक्षरे असली, तरी त्यांचा उलगडा सामान्य गिऱ्हाइकाला होतोच असे नाही. मुरुमांचे खड्डे बुजविणे, आम्लाने त्वचेचा वरचा थर काढणे, स्वतःचेच रक्त घुसळून ते डोक्यात टोचणे, गालांत भरण घालणे अशी कामे येथे राजरोस चालतात. ती उपयोगाची नाहीत असे कोणी म्हणणार नाही. योग्य हातांनी, योग्य खोलीत झाली तर त्यांनी अनेकांना दिलासा दिला आहे. प्रश्न आहे तो ती बिघडतात तेव्हाचा.

आमच्या परिचयातील एक गृहस्थ जिल्हा कचेरीत लिपिक आहेत. त्यांच्या मुलीने काही वर्षांपूर्वी अशाच एका ठिकाणी उपचार घेतले. लग्न ठरले होते. गालांवर मुरुमांचे जुने व्रण होते आणि बारीक सुयांचा रूळ फिरवून ते नाहीसे करता येतात, असे तिला सांगण्यात आले. तीन बैठका झाल्या. चेहरा दोन दिवस लाल राहिला, मग निवळला, आणि आठवड्याने तो खरोखरच सुधारल्यासारखा दिसू लागला. पाचव्या आठवड्यात डाव्या गालावर वाटाण्याएवढी निबर गाठ आली. ती फारशी दुखत नव्हती. मग दुसरी आली, तिसरी आली, आणि पहिली फुटून तिच्यातून पातळ पू वाहू लागला. जेथे उपचार झाले तेथे विचारले, तेव्हा 'तुमच्या त्वचेची प्रकृतीच तशी आहे' असे उत्तर आणि एक मलम मिळाले. घरच्या डॉक्टरांनी एकामागून एक तीन प्रतिजैविके दिली. पुवाची तपासणी केली, तर 'जंतू आढळले नाहीत' असा अहवाल आला. पुढे एकाने गाठीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात क्षयासारखी चिन्हे दिसली, म्हणून क्षयाची औषधे सुरू झाली. मुलीला क्षय झाला आहे हे होणाऱ्या सासरी कोणत्या तोंडाने सांगावे, या विवंचनेत त्या आईवडिलांनी दोन महिने काढले. अखेर एका वैद्यकीय महाविद्यालयातील प्राध्यापिकेने पू पुन्हा तपासावयास पाठविला. प्रयोगशाळेने तो जास्त दिवस ठेवावा असे त्यांनी बजावून सांगितले, आणि हा क्षय नव्हे हे तेव्हा कळले. त्यानंतर सहा महिने औषधे घ्यावी लागली. लग्न झाले, पण वर्षभर लांबले. गालावरचे व्रण मात्र आता पूर्वीपेक्षा खोल आहेत.

ही हकीकत विरळा नाही, हे त्वचारोगतज्ज्ञ खाजगीत सांगतात. येथे जो जंतू गुन्हेगार ठरला तो क्षयाच्या जंतूच्या कुळातला, परंतु क्षय न करणारा. मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम, चेलोनी, अ‍ॅब्सेसस ही त्या कुळातील काही नावे. हे जंतू मातीत असतात आणि नळाच्या पाण्यातही असतात. पिण्याच्या पाण्यात टाकतात तेवढ्या क्लोरिनला ते दाद देत नाहीत. नळाच्या आतल्या अंगाला बुळबुळीत थर धरून ते वर्षानुवर्षे राहतात. आपण रोज त्यांनीच आंघोळ करतो आणि आपल्याला काही होत नाही, कारण अभंग त्वचा त्यांना आत येऊ देत नाही. ही त्वचा भंगली, आणि भंगलेल्या जागी नळाचे पाणी लागलेली सुई, बर्फाची पिशवी किंवा पाणी घालून पातळ केलेले औषध पोहोचले, की त्यांचे काम होते. मग ते आठवड्यांनी, कधी महिन्यांनी डोके वर काढतात. नेहमीची प्रतिजैविके त्यांच्यावर बहुधा चालत नाहीत आणि क्षयाची नेहमीची औषधेही पुरी पडत नाहीत. पू तपासण्याच्या रोजच्या पद्धतीत नमुना दोन-तीन दिवसांत टाकून दिला जातो. हे जंतू वाढावयास आठवडाभर लागू शकतो. त्यामुळे ज्याने मुद्दाम मागणी केली नाही त्याला 'जंतू आढळले नाहीत' हा अहवाल मिळणारच. संसर्ग होतो एकीकडे, दिसतो भलत्याच वेळी, आणि त्याचे नावही भलतेच पडते. गुन्हा लपविण्यास याहून सोयीची व्यवस्था कोणी योजूनही केली नसती.

सर्वच संसर्ग असे संथ नसतात. साध्या पूजनक जंतूंची गळवे दोन-चार दिवसांत दिसतात. लेझरने चेहऱ्याचा थर काढल्यावर ओठांवरची जुनी नागीण उसळून चेहराभर पसरू शकते, म्हणून जाणकार डॉक्टर आधीच औषध देऊन ठेवतात. यांचे कारण निदान लगेच लक्षात येते. खरी अडचण संथ संसर्गांची आहे, कारण ते ओळखण्यासाठी एका रुग्णाकडे पाहून भागत नाही. कोणीतरी अनेक रुग्ण एकत्र मांडावे लागतात.

हे मांडणे कसे असते याचे एक उदाहरण कॅलिफोर्नियाचे आहे. तेथे सप्टेंबर २००० मध्ये राज्याच्या उत्तर भागातील एका डॉक्टरला चार रुग्ण असे आढळले, की त्यांच्या पायांवरची गळवे बरी होत नव्हती आणि पुवात काही सापडत नव्हते. चौघांनीही पायांची निगा एकाच नखसौंदर्यगृहात करून घेतली होती. डॉक्टरने ही गोष्ट कळविली आणि आरोग्यखाते कामाला लागले. शोध घेता त्या एका दुकानाची ११० गिऱ्हाइके अशा गळवांनी त्रस्त असल्याचे निघाले. एकेकाला एकापासून सदतीसपर्यंत गळवे झाली होती. दुकानात पाय बुडवून बसावयाची, पाणी घुसळणारी दहा टबे होती. त्या दहाही टबांत मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम सापडला. टबाच्या जाळीमागे केस आणि कातडीचा मळ साचला होता, आणि जंतू तेथे सुखाने नांदत होते. आणखी एक बारीक गोष्ट तपासात कळली. ज्यांनी येण्यापूर्वी पायांवरचे केस वस्तऱ्याने काढले होते, त्यांना हा रोग अधिक झाला होता. रुग्णांत असे ७० टक्के होते, तर निरोगी गिऱ्हाइकांत ३१ टक्के. वस्तऱ्याने पडलेले, डोळ्यांना न दिसणारे ओरखडे हीच जंतूंची वाट होती. त्यानंतर त्या राज्याने पायांची टबे कशी व केव्हा धुवावीत याचे नियम केले आणि धुतल्याची नोंद वहीत ठेवणे दुकानांवर बंधनकारक केले. पायांची नखे रंगविणाऱ्या दुकानासाठी हे झाले. सुई टोचण्याचा तेथे संबंधही नव्हता.

न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे २०११ च्या उत्तरार्धात एकाच कारागिराकडून गोंदवून घेतलेल्या १९ जणांच्या अंगावर न जाणारे पुरळ उठले. कारागीर स्वच्छतेने काम करीत होता. दोष निघाला तयार पातळ केलेल्या करड्या शाईत. न उघडलेल्या बाटलीतही चेलोनी जंतू सापडला. न्यू मेक्सिकोतील प्रकरण याहून भयंकर आहे. तेथील एका परवाना नसलेल्या सौंदर्यगृहात रुग्णाचेच रक्त काढून, त्याचा अंश सुयांनी चेहऱ्यात घालण्याचा उपचार होत असे. २०१८ मध्ये एका स्त्रीला एचआयव्हीची लागण झाल्याचे आढळले. या उपचाराखेरीज दुसरे कारण दिसेना. तपासणीस गेलेल्यांना ओट्यावर नावे न घातलेल्या रक्ताच्या नळ्या आणि खाण्याच्या पदार्थांशेजारी शीतकपाटात ठेवलेले रक्त दिसले. या उपचाराशी जोडली गेलेली लागण किमान तीन स्त्रियांना झाल्याचा अहवाल अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध केला.

ही उदाहरणे अमेरिकेची आहेत, याचा अर्थ रोग तेथेच होतात असा नाही. तेथे ते मोजले गेले, एवढाच त्याचा अर्थ आहे. आपल्याकडे हे जंतू नाहीत असे तर नाहीच. दुर्बिणीने केलेल्या पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर, नळी घातलेल्या छिद्रांशी याच कुळातील जंतूंच्या गाठी होतात, हे भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत वर्षानुवर्षे लिहिले जात आहे. त्याचे एक नेहमीचे कारणही दिलेले असते. दोन शस्त्रक्रियांच्या मधल्या वेळात उपकरणे वीस मिनिटे ग्लुटारल्डिहाइडमध्ये बुडवितात आणि मग साध्या पाण्याने विसळतात. त्या रसायनाने पूर्ण निर्जंतुकीकरण व्हावयास वीस मिनिटे नव्हे, सुमारे दहा तास लागतात. आणि विसळण्याच्या पाण्यातून जंतू पुन्हा येतात ते वेगळेच. हे इस्पितळांत, पदवीधर शल्यविशारदांच्या हाताखाली घडले आहे, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी वाचकांनी ध्यानात ठेवावी.

सध्या या क्षेत्रात जो वाद चालू आहे तो हद्दीचा आहे. त्वचारोगतज्ज्ञ म्हणतात, हे काम आमचे. दंतवैद्य म्हणतात, चेहरा आमच्याही अभ्यासक्रमात आहे. आयुर्वेद व होमिओपॅथीचे पदवीधर आपली पाटी लावतात, आणि सौंदर्यगृहाच्या चालिका चार दिवसांचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगतात. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये केसरोपण व तत्सम सौंदर्यशस्त्रक्रियांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. हे काम त्याचे रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच करावे, कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून ते शिकता येत नाही, असे त्यांत बजावले होते. एखाद्या आयोगाला हे छापून सांगावे लागावे, यावरूनच परिस्थितीची कल्पना येते. सूचना निघाल्यानंतरही, मार्च २०२५ मध्ये कानपूरला केसरोपणानंतर एका अभियंत्याचा मृत्यू झाला. रोपण करणारी व्यक्ती दंतवैद्य होती आणि चेहरा सुजून संसर्ग झाला असताना दाद घेतली गेली नाही, असा आरोप घरच्यांनी केला. त्याचा गुन्हा नोंदला गेला तो मे महिन्यात.

सुई अशिक्षित हातात असू नये याविषयी दुमत होऊ नये. परंतु पदवीची हद्द आखून दिली की काम झाले, हा तज्ज्ञांच्या संघटनांचा समजही आम्हांस मान्य नाही. नळातला जंतू पदवी वाचत नाही. शल्यविशारदाच्या इस्पितळात जे घडले ते पहिल्या मजल्यावरील त्वचारोगतज्ज्ञाच्या खोलीत घडणार नाही, याची हमी कशाच्या बळावर द्यावयाची? त्या खोलीत डोकावून पाहावे. सुयांचा जो रूळ चेहऱ्यावर फिरवितात त्यात बहुधा १९२ सुया असतात. तो एकदा वापरून टाकावयाचा असतो. काही ठिकाणी तो डबीवर गिऱ्हाइकाचे नाव घालून पुढच्या बैठकीसाठी ठेवतात आणि वर हे काटकसरीचे म्हणून सांगतात. सलाइनच्या बाटलीच्या रबरी बुचात एक सुई दिवसभर रोवलेली असते. जो येतो तो तिच्यातूनच ओढून घेतो. कोपऱ्यात निळा दिवा लागलेली एक पेटी असते. तो प्रकाश जेथे पडतो तेवढ्याच पृष्ठभागावर त्याचा काही परिणाम होतो. चिमट्याच्या खाचेत किंवा सुईच्या पोकळीत तो जात नाही. गिऱ्हाइकाला मात्र त्या निळ्या उजेडाने फार धीर येतो. वाफेच्या दाबाखाली १२१ अंशांवर पंधरा-वीस मिनिटे ठेवणारे साधे यंत्र प्रेशर कुकरच्याच तत्त्वावर चालते. ते तेवढे दिखाऊ नसते आणि पुष्कळदा नसतेच.

कायद्याची स्थिती अशी, की ही खोली कोणाच्याच ताब्यात नीट येत नाही. महाराष्ट्रातील १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा प्रामुख्याने रुग्ण दाखल करून घेणाऱ्या संस्थांसाठी आहे. जेथे खाट नाही, तेथे त्याचा हात पोहोचत नाही. बिनखाटांच्या दवाखान्यांनाही कक्षेत घेणारा केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. दुकाने व आस्थापना कायदा आहे, पण त्याला कामाच्या तासांची काळजी, सुईची नव्हे. राहता राहिले ग्राहक न्यायालय. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली हे खरे. पण तेथे पुरावा लागतो. गिऱ्हाइकाजवळ असते ती एक रकमेची पावती, तीही बहुधा 'पॅकेज' एवढ्याच शब्दाची. कोणते द्रव्य टोचले, बाटली कोणत्या तुकडीतली होती, सुई नवी होती काय, यांपैकी कशाचीही नोंद त्याच्या हाती नसते. पैसे घेताना जो वैद्यकीय उपचार असतो, तो तक्रार येताच सौंदर्यसेवा होतो.

तक्रार येतच नाही, हे त्याहून मोठे कारण आहे. हौसेपायी चेहरा बिघडवून घेतला, आता भोगा, असे बोलणारी माणसे आपल्या समाजात कमी नाहीत आणि ती सुशिक्षितही असतात. त्यांना एक विचारावेसे वाटते. वधूवर सूचक स्तंभात 'गोरी, सुस्वरूप' हे शब्द कोण छापून आणतो? वृत्तपत्रे ते पैसे घेऊन छापतात, हेही कबूल केले पाहिजे. या लेखाच्या मागच्या पानावरही ते सापडतील. मुलाखतीला जाणाऱ्या तरुणाला टक्कल पडू लागल्याची धास्ती वाटते ती काही त्याने स्वतः निर्माण केलेली नसते. सुंदर दिसण्याची इच्छा नवी नाही आणि तीपासून होणारे रोगही नवे नाहीत. वस्तऱ्यापासून उठणाऱ्या फोडांना मराठीत 'न्हावगंड' असा स्वतंत्र शब्दच होता. फरक इतकाच, की न्हावगंड झालेला माणस न्हाव्याला चारचौघांत जाब विचारी. आज गालावर गाठी घेऊन वावरणारी मुलगी ओढणीने तोंड झाकते. ज्यांच्याबद्दल वर लिहिले त्या लिपिकांनाही आम्ही विचारले, की तक्रार का केली नाहीत. ते म्हणाले, 'लग्न व्हावयाचे होते हो.' एवढे उत्तर पुरेसे होते.

अशा वेळी व्यक्तीच्या धैर्यावर विसंबून चालत नाही. नोंदीची जबाबदारी डॉक्टरांवर आणि सरकारवर टाकली पाहिजे. क्षयाचा रुग्ण आढळल्यास खाजगी डॉक्टरनेही तो सरकारला कळविला पाहिजे, असा नियम २०१२ पासून देशात आहे. त्याच कुळातील जंतूने सुईच्या वाटेने केलेला रोग मात्र कोणालाही कळवावा लागत नाही. त्यामुळे एका शहरातील एकाच खोलीत बिघडलेले दहा चेहरे दहा वेगळ्या डॉक्टरांकडे जातात, आणि प्रत्येक डॉक्टर आपला रुग्ण एकटाच समजतो. कॅलिफोर्नियात ११० जण सापडले ते एका डॉक्टरने चौघे मोजले आणि मोजून कोणाला तरी कळविले म्हणून. आपल्या डॉक्टरने उद्या चौघे मोजले, तर त्याने कोणाला कळवावयाचे?

याचे उत्तर देण्यासाठी नवा कायदा होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्राचे विभाग आहेत. सुई, लेझर, गोंदण किंवा शस्त्रक्रियेनंतर दोन आठवड्यांनी उठलेल्या प्रत्येक गाठीचा पू तेथे फुकट घ्यावा. तो या जंतूंसाठी मुद्दाम वेगळा वाढवावा, आणि सापडल्यास रुग्णाचे नाव गुप्त ठेवून, उपचार कोठे झाले तेवढे आरोग्यखात्याला कळवावे, असा आदेश वैद्यकीय शिक्षण खात्याला एका परिपत्रकाने काढता येईल. एकाच पत्त्यावरून दोन रुग्ण आले की महापालिकेच्या किंवा जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्याने त्या खोलीत जाऊन पाणी, बाटल्या आणि सुया तपासाव्यात. त्या खोलीचा मालक पदव्युत्तर आहे की प्रमाणपत्रधारी, याने फरक पडू देऊ नये. बरोबरीने, त्वचा भेदणारा कोणताही उपचार करणाऱ्याने गिऱ्हाइकाच्या हाती एक सही केलेला कागद दिलाच पाहिजे, अशी सक्ती करावी. त्यावर करणाऱ्याचे नाव व नोंदणी क्रमांक, टोचलेले द्रव्य, त्याचा तुकडी क्रमांक आणि तारीख असावी. यास खर्च जवळजवळ नाही. विरोध होईल तो खर्चाच्या नावाने नव्हे, तर गिऱ्हाईक घाबरेल या सबबीवर होईल.

हे होईपर्यंत वाचकांनी निदान तो कागद मागावा आणि सुईचे पाकीट आपल्या डोळ्यांसमोर फोडावयास सांगावे. पाचव्या-सहाव्या आठवड्यात गाठ उठलीच, तर मलम लावीत बसू नये. डॉक्टरला आपण होऊन सांगावे, की येथे सुई टोचली होती, अमुक तारखेला.